जीर्णोद्धार नको, दुरुस्ती हवी

मोडलेल्या वस्तूविषयी बोलण्यासाठी मराठीत निदान तीन शब्द आहेत आणि आपण साहित्याचे लोक ते तिन्ही एकाच अर्थाने वापरतो: डागडुजी, दुरुस्ती आणि जीर्णोद्धार. डागडुजीला उद्याची पर्वा नसते. गळती थांबली, आजचा दिवस निभावला, की तिचे काम संपते. जीर्णोद्धाराला आजची पर्वा नसते. त्याला पुण्य हवे असते, संगमरवरी फलक हवा असतो आणि वस्तू पुन्हा 'होती तशी' झाल्याचे समाधान हवे असते. दुरुस्ती ह्या दोहोंहून निराळी. फारसीतून आलेल्या 'दुरुस्त' ह्या शब्दाचा अर्थच मुळी बरोबर, योग्य, धड असा आहे. वस्तू ज्या कामासाठी आहे ते काम तिने पुन्हा नीट करावे, एवढीच तिची प्रतिज्ञा. म्हणूनच आपण घटनादुरुस्ती म्हणतो. घटनेचा जीर्णोद्धार कोणी करीत नाही आणि घटनेची डागडुजी करतो असे उघडपणे कोणी म्हणत नाही.

आमचा पक्ष असा की गेल्या काही दशकांत डागडुजी आणि जीर्णोद्धार ह्या दोन टोकांचे आपल्याकडे नको तितके कौतुक झाले आणि मधली दुरुस्ती अप्रतिष्ठित झाली. हे यंत्रांच्या बाबतीत झाले, तसेच ग्रंथांच्या आणि भाषेच्या बाबतीतही झाले. उदाहरण म्हणून आम्ही येथे एखादी कादंबरी घेत नाही. परभणी जिल्ह्यातील जुनी, चारही चाकांना ओढ असलेली जीप आणि ती बेताच्या पैशांत पुन्हा उभी करण्याचा व्यवहार घेतो. साहित्याच्या विद्यार्थ्यांपुढे जीपचे काय काम, असा प्रश्न ज्यांना पडेल त्यांच्यासाठीच हा लेख आहे.

प्रथम ह्या वाहनाची गरज काय ते पाहू. परभणी हा काळ्या मातीचा जिल्हा. गोदावरी, पूर्णा आणि दुधना ह्या नद्यांच्या काठची ही जमीन कापसाला, तुरीला, ज्वारीला आणि आता सोयाबीनला मानवते. पण हीच माती पहिल्या दोन पावसांत अशी फुगते आणि चिकटते की पांदणीने शेताकडे जाणारे चाक जागच्या जागी फिरत राहते. मागच्या दोन चाकांना ओढ असलेली गाडी तेथे निरुपयोगी ठरते. पुढच्या चाकांनाही ओढ मिळाली आणि वेग कमी करून जोर वाढवणारा खालचा गिअर असला, तर तीच गाडी बाहेर पडते. खताची पोती, दुधाचे कॅन, आजारी माणूस ह्यांना डांबरी रस्त्यापर्यंत आणण्याचे काम ट्रॅक्टर करतो हे खरे, पण रात्री बाळंतिणीला ट्रॉलीत घालून नेण्याला पर्याय म्हणता येत नाही. नवे चारचाकी ओढीचे वाहन कोरडवाहू शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेर आहे. उरते ती जुनी जीप. तिची दुरुस्ती ही तेथे हौस नाही. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' ही म्हण अभिमानाने आणि थट्टेनेही उच्चारली जाते. यंत्राच्या संदर्भात तिच्याकडे एकदा गंभीरपणे पाहायला हरकत नाही.

आता जीर्णोद्धारवाल्यांकडे वळू. शहरांतून जुन्या जीप विकत घेऊन त्या 'मूळ रूपात' आणण्याचा एक श्रीमंत छंद बोकाळला आहे. मूळ रंग, मूळ दिवे, मूळ खिळे! ह्या छंदाविषयी आम्हांला वैर नाही. ज्याच्याकडे पैसा आणि सवड आहे त्याने जरूर करावा. आमचे भांडण 'मूळ' ह्या कल्पनेशी आहे. जीपचे मूळ कोठे शोधायचे? १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी वाहनाची मागणी काढली. बँटम ह्या लहानशा कंपनीने मुदतीत नमुना तयार करून दिला. सैन्याने तो आराखडा विलीज आणि फोर्ड ह्या थोरल्या कंपन्यांपुढे ठेवला आणि महायुद्धाच्या काळात ह्या दोघींनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या. एकीचा भाग दुसरीच्या गाडीत बसावा, ही अट होती. फोर्डने आपल्या भागांवर 'एफ' हे अक्षर ठोकले. रणांगणावरील दुरुस्तीत ती अक्षरे कोठल्या कोठे मिसळून गेली. म्हणजे जन्मापासूनच ही गाडी अनेक हातांची. लेखकाच्या मृत्यूवर परीक्षेत वीस गुणांचे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना एवढे सुरेख उदाहरण दुसरे मिळणार नाही.

भारतातील पुढचा अध्याय तर ह्याहून बोलका आहे. १९४५ साली स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र ह्या नावाने चालणाऱ्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबईत विलीज जीपच्या जुळणीला आरंभ केला. उंच बॉनेटची सीजे ३बी ही तिची घडण अमेरिकेत १९६८ साली थांबली, पण भारतात ती पुढेही बनत राहिली. तिचे २.२ लिटरचे पेट्रोल इंजिन परवडेना, तेव्हा खुद्द कंपनीनेच ट्रॅक्टरच्या जातीचे डिझेल इंजिन जीपमध्ये बसवले. एमएम ५४० ह्या पुढच्या गाडीत फ्रेंच पेजोच्या आराखड्याचे २११२ सीसीचे डिझेल इंजिन आले. अमेरिकन सांगाडा, ट्रॅक्टरचे किंवा फ्रेंच घराण्याचे काळीज, मुंबईची जुळणी आणि गावच्या पत्रेकाम करणाऱ्याने ठोकून दिलेला मागचा हौद! देशीवादावर चार दशके वाद घालणाऱ्या आम्हां मराठी लोकांना ही वस्तू देशी की परकी, हे एकदा सांगता आले पाहिजे. आमच्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. चिखलातून निघते ती देशी, असे फार तर म्हणता येईल.

मूळ रूपाच्या आग्रहाला आता कायद्याचेही पाठबळ आहे. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' वाहनांचे नियम काढले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि ज्यात भरीव फेरफार केलेला नाही अशी दुचाकी वा चारचाकी ह्या वर्गात येते. नोंदणीसाठी २०,००० रुपये पडतात. अशी गाडी प्रदर्शनाला, तांत्रिक संशोधनाला, जुन्या गाड्यांच्या फेरीला न्यावी आणि इंधन भरायला वा देखभालीला न्यावी. नेहमीच्या वापरासाठी ती रस्त्यावर आणता येत नाही. ह्याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. वस्तूला प्रतिष्ठा मिळते ती तिने काम करणे थांबवल्यावर. जी जीप पन्नास वर्षे शेतात राबली, जिचे इंजिन बदलले, जिचा पत्रा तीनदा ठोकला, ती वारसा नव्हे. जी गाडीखान्यात झाकून ठेवली ती वारसा. साहित्याच्या इतिहासात आपण हेच करीत नाही काय? वापरात झिजलेला, गाणाऱ्यांच्या तोंडी बदलत गेलेला पाठ 'भ्रष्ट' आणि कपाटात पडून राहिलेली पोथी 'अस्सल', ही आपली वर्गवारी ह्याच मातीची आहे.

येथे एक जुना वाद आठवावा. ज्ञानेश्वरी रचली गेली ती शके १२१२, म्हणजे इ.स. १२९० मध्ये. तीनशे वर्षांच्या वापरात तिच्या प्रतींत पाठभेद माजले. पैठणला, परभणी जिल्ह्यातून पुढे जाणाऱ्या त्याच गोदावरीच्या काठी, एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, तिचे शुद्धीकरण केले. एकनाथांनी केले ते काय होते? त्यांना संग्रहालय भरायचे नव्हते. प्रती जुळवून, चुकीचे काढून, ग्रंथ पुन्हा वाचता आणि सांगता येईल असा करणे, हे त्यांचे काम. ही दुरुस्ती होती. पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एकनाथपूर्व पोथी मिळाल्याचे सांगून तिच्या आधारे ज्ञानेश्वरी छापली. राजवाड्यांची जिज्ञासा थोर होती आणि पाठचिकित्सेला तिची गरजही होती. पण वारकऱ्याने रोज वाचली ती एकनाथांनी सोडवलेल्या परंपरेतली ज्ञानेश्वरी. मूळ शोधणे हे विद्वत्तेचे काम आहे, चालते ठेवणे हे संस्कृतीचे. दोन्ही हवीत. पण पहिल्यालाच तेवढे मखर आणि दुसऱ्याला अडगळ, ही वाटणी आम्हांला मान्य नाही.

हवे तर औंढा नागनाथाचे देऊळ पाहा. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच होते. खालचा भाग यादवकालीन कोरीव दगडाचा, वरचा भाग नंतरच्या काळातला, वेगळ्या घडणीचा. सांधा डोळ्यांना स्पष्ट दिसतो. देवळात येणाऱ्या कोणाला ते देऊळ खोटे वाटत नाही. सांधा लपवला नाही म्हणून इतिहास वाचता येतो आणि वर छप्पर घातले म्हणून पूजा चालते. चांगल्या दुरुस्तीची ह्याहून नेमकी व्याख्या आम्हांला ठाऊक नाही.

आता दुसऱ्या टोकाकडे जाऊ, कारण साहित्यिक वर्तुळातील आमचे बहुतेक मित्र तेथे उभे आहेत. जीर्णोद्धाराला ते हसतात, पण 'जुगाड' म्हटले की त्यांचे डोळे पाणावतात. उत्तरेत पाण्याच्या पंपाचे इंजिन लावलेल्या खटाऱ्याला दिलेला हा शब्द. २०१२ साली व्यवस्थापनशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकाने त्याला जगभर नेले आणि गरिबाची अडचण ही श्रीमंतांच्या परिषदांत 'नवनिर्मिती' म्हणून मिरवू लागली. विद्यापीठांत ह्याचा सुसंस्कृत अवतार आधीपासून होताच. क्लोद लेव्ही-स्ट्रॉस ह्यांनी १९६२ च्या ग्रंथात हाताशी येईल त्यातून काम भागवणारा 'ब्रिकोलर' आणि आराखड्यावरून काम करणारा अभियंता असा भेद मांडला. तो आमच्या एम.ए.च्या वर्गांत नेमाने शिकवला जातो. शिकवणाऱ्यास विचारावे की असा ब्रिकोलर कोठे पाहायला मिळेल, तर तो बहुधा बाहेरच्या गॅरेजकडे बोट दाखवील.

तेथेच तो फसतो. गॅरेजातला जाणता मिस्त्री ब्रिकोलर नसतो. एक उदाहरण देतो आणि ते मुद्दाम तपशिलात देतो, कारण तपशील हाच येथे युक्तिवाद आहे. ह्या जुन्या जीपमध्ये पुढच्या आणि मागच्या धुऱ्यांच्या मध्ये फरक सामावून घेणारी यंत्रणा नसते. चारही चाकांची ओढ लावली की पुढचा आणि मागचा दांडा एकाच गतीने फिरायला बांधले जातात. म्हणून दोन्ही धुऱ्यांतील क्राऊन आणि पिनियन ह्यांच्या दातांचे गुणोत्तर सारखेच असावे लागते. आठ दातांच्या पिनियनवर त्रेचाळीस दातांचे क्राऊन असेल तर गुणोत्तर ५.३८ येते. एकोणचाळीस दातांचे असेल तर ४.८८. जीपच्या घराण्यात ही दोन्ही आढळतात. आता समजा, मागचा धुरा मोडला आणि भंगारातून मिळालेला दुसरा आणून बसवला. बाहेरून तो हुबेहूब तसाच दिसतो. गाडी सुरू होते, डांबरी रस्त्यावर मागच्या चाकांवर झकास धावते, मालक खूश होतो. जुगाड फत्ते! पण पाऊस पडला, पांदणीत गाडी रुतली आणि पुढच्या चाकांची ओढ लावली, की दोन्ही धुरे एकमेकांशी भांडू लागतात. चिखल आहे तोवर चाके घसरून ताण सुटतो. जमीन कडक लागली की गिअरबॉक्सच्या मागील ट्रान्स्फर केस कण्हू लागते आणि शेवटी कोठे तरी दात तुटतो, नाही तर दांड्याचा सांधा. ज्या कामासाठी ही गाडी ठेवली नेमक्या त्याच कामाला ती दगा देते.

जाणता मिस्त्री काय करतो? धुऱ्याचे झाकण खोलतो, बोटाने दात मोजतो आणि मगच सौदा ठरवतो. हे मोजणे म्हणजे अभियंत्याचे काम. जुना भाग शोधणे हे लेव्ही-स्ट्रॉसच्या ब्रिकोलरचे. एकच माणूस, एकाच दुपारी दोन्ही करतो. तेव्हा त्या दोघांतला भेद हा निदान आमच्या जिल्ह्यात टिकत नाही. जो सिद्धांत गॅरेजच्या दारात मोडतो, त्याची दुरुस्ती वर्गात व्हायला हवी.

बेताच्या पैशांतील दुरुस्तीला स्वतःचे एक नीतिशास्त्र असते, आणि ते क्रमाच्या रूपाने व्यक्त होते. पैसा थोडा असतो तेव्हा आधी काय आणि मग काय, हाच खरा प्रश्न. पहिला मान चेसिसचा. कमानपाटे जेथे टांगलेले असतात तेथे गंज धरतो. हातोडीने ठोकून आवाज ऐकावा लागतो. धड लोखंड खणकते, गंजलेले भद्द वाजते. दुसरा मान ब्रेकचा. जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला तेल पुरवणारी एकच वाट असते. एका चाकाचे रबर गेले की चारही ब्रेक जातात. म्हणून एकच बदलून भागत नाही. तिसरा मान स्टिअरिंगचा. किंगपिनचे बेअरिंग आणि जोडदांड्यांची टोके झिजली की एखाद्या खड्ड्यानंतर पुढची चाके अशी थरथरतात की चालकाच्या हातातून चक्र सुटते. त्यानंतर वायरिंग आणि रेडिएटर. इंजिन त्याच्याही नंतर. आणि तेही सरसकट न खोलता आधी कॉम्प्रेशन तपासून. हाफ इंजिनने भागते की सिलिंडर बोअर करून वरच्या मापाचे पिस्टन घालावे लागतात, हे इंचाच्या हजारांश भागांत मोजून ठरते. रंग सर्वांत शेवटी, पैसे उरलेच तर.

हा क्रम उलटा केला की काय होते ते शहरातल्या रस्त्यांवर दिसते. रुंद टायर, छपरावर दिव्यांची रांग, चकचकीत रंग आणि आत झिजलेले किंगपिन. आमच्या समीक्षेत असे पुष्कळ ग्रंथ आहेत, पण तो विषय येथे वाढवीत नाही. एवढेच म्हणतो, की ज्या विद्यार्थ्याला मूल्यमापन म्हणजे काय हे कळत नाही त्याला हा क्रम समजावून सांगावा. साहित्यकृतीत काय मोडले तर माणूस मरतो आणि काय मोडले तर केवळ शोभा जाते, हा विवेक म्हणजेच समीक्षा.

येथवर शासनाचा उल्लेख निसटता झाला, पण खरा पेच तेथेच आहे. मार्च २०२१ मध्ये संसदेत वाहने मोडीत काढण्याचे धोरण जाहीर झाले आणि ऑगस्ट २०२१ मध्ये ते सुरू झाले. खाजगी वाहनाला ते ऐच्छिक आहे. पंधरा वर्षांनंतर तपासणी करून नोंदणी वाढवून घेता येते. पण १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांहून जुन्या हलक्या वाहनांसाठी ते १०,००० रुपये करण्यात आले. दुसरीकडे, १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी वाढवली जात नाही आणि ती लिलावात सामान्य माणसाच्या हाती न जाता नोंदणीकृत मोडतोड केंद्राकडे जातात. सैन्य आणि सुरक्षेची विशेष वाहने तेवढी वगळली आहेत. सरकारी कचेरीची जीप लिलावात निघणे आणि तिने गावात दुसरा जन्म घेणे, ही वाट त्यामुळे बंद झाली आहे.

ह्या धोरणामागचे कारण आम्ही हसण्यावारी नेत नाही. जुने डिझेल इंजिन धूर ओकते आणि तो धूर प्रथम रस्त्याकडेच्या गरिबाच्याच फुफ्फुसात जातो. जुन्या जीपमध्ये हवेच्या उशा नाहीत, मूळ रचनेत आजच्या अर्थाने सुरक्षा नाही. हे सर्व खरे आहे. म्हणूनच आमची मागणी तपासणी सोडून देण्याची नाही, ती कडक करण्याची आहे. ब्रेक मोजा, धूर मोजा, चेसिस पाहा. नापास झाली तर गाडी थांबवा. मात्र वय हा गुन्हा मानून दंडासारखे शुल्क लावू नका. वर्षभरात थोडेच अंतर चालणारी, नीट राखलेली जीप आणि शहरात रोज धावणारी, नीट न राखलेली गाडी ह्यांत वयाने कमी ती निर्दोष, हा हिशेब धुराचा नसून विक्रीचा आहे. नवे वाहन बनवायला लागणारे पोलाद, कोळसा आणि वीज हीसुद्धा पर्यावरणाच्याच खात्यावर पडतात. त्या खात्याकडे पाहायचेच नाही असे ठरवले तरच मोडीत काढणे स्वच्छ दिसते.

इंजिन बदलाचाही प्रश्न असाच. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत फेरफार करू देत नाही आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ काटेकोरपणे लावला. बेबंद फेरफारांना आळा हवाच. जड इंजिन बसवून ब्रेक तेच ठेवणारा माणूस इतरांच्या जिवाशी खेळतो. पण जी कंपनी स्वतः जीपचे इंजिन बदलते ती विकास करते आणि जो शेतकरी परवानगी मागून तेच करू पाहतो तो कागदांच्या चकरांत अडकतो, ह्या विषमतेविषयी बोलले पाहिजे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेतीची अवजारे आणि वाहने ही तिच्या कक्षेत होती. युरोपीय संघाने २०२४ मध्ये ह्या हक्काचा निर्देशच काढला. 'हक्क' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. हक्काची भाषा बोलणारे आमचे साहित्यिक ह्या हक्काविषयी मौन बाळगतात, कारण त्यांच्या लेखी तो गॅरेजचा प्रश्न आहे.

आणि हा शेवटी भाषेचाही प्रश्न आहे. १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे ह्यांचा 'गावगाडा' प्रसिद्ध झाला. गावाला गाडा म्हणणारे हे पुस्तक सुतार-लोहारांसह सर्व अलुत्या-बलुत्यांचे काम, हक्क आणि पिळवणूक तपशिलाने सांगते. आम्ही ते आजही शिकवतो. मात्र आजचा सुतार-लोहार कोण, असे विचारत नाही. लेथवर बसणारा, वेल्डिंग करणारा, कमानपाटे घडवणारा, डायनामो गुंडाळणारा ह्यांचा आजचा 'गावगाडा' कोणी लिहिला? ग्रामीण साहित्याच्या नावाने आम्ही बैल, विहीर आणि सावकार ह्यांच्यापाशीच थांबलो. गावात इंजिन येऊन तीन पिढ्या झाल्या.

गॅरेजची मराठी ही जिवंत मराठी आहे. आटे गेले, पाना घसरला, खेळ वाढला, दांडा वाकला, पाटा बसला, इंजिन जाम झाले, गाडी उचल घेत नाही. ह्यांतले शब्द काही मराठी, काही फारसी, काही इंग्रजी. वाक्य मात्र अस्सल मराठी. मराठवाड्यात त्यात दखनीची लय मिसळते. 'उस्ताद' ही पदवी तेथे अजून कमवावी लागते. शासनाच्या परिभाषा कोशांनी यंत्रांसाठी संस्कृत धातूंतून शब्द पाडले, ते कोशातच राहिले. ज्यांनी शब्द खरोखर रुळवले त्यांच्याकडे कोशकार फिरकले नाहीत. दखनी ही मराठवाड्याच्या मराठीची बहीण आहे हे आम्ही परिसंवादांत मान्य करतो आणि जेथे त्या दोघी रोज एकाच भांड्यात जेवतात त्या जागेकडे पाठ फिरवतो.

मात्र गॅरेजचेही देव्हारे माजवायला नकोत. उस्ताद-शागिर्द परंपरेच्या नावाखाली दहा-बारा वर्षांची मुले काळ्या तेलात हात बुडवून दिवस काढीत आली. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालील मुलाला अशा कामाला लावणे हा कायद्याने गुन्हा आहे आणि तो असलाच पाहिजे. ज्ञान हातातून हातात जाते हे खरे, पण त्यासाठी शाळा सुटावी लागत असेल तर ती परंपरा मोडावी. आयटीआयमधून शिकून आलेल्या मुलाला जुन्या जीपची ट्रान्स्फर केस खोलता येत नाही अशी तक्रार आम्ही ऐकतो. मग उस्तादाला मानधन देऊन आयटीआयत बोलवा. विद्यापीठे लेखकांना निवासी म्हणून बोलावतात, मिस्त्रीला का बोलावू नये?

आमच्या सूचना थोड्या आहेत. मराठवाड्यातील मराठीच्या विभागांनी एम.ए.च्या एका लघुप्रबंधाचा विषय गॅरेजची बोली हा ठेवावा. विद्यार्थ्यांनी परभणी, गंगाखेड, जिंतूर, सेलू, पाथरी येथील गॅरेजांत जाऊन शब्द, त्यांचे उच्चार आणि वापर नोंदवावेत. बोलणाऱ्याचे ऋण त्याच्या संमतीने मान्य करावे. पाठचिकित्सेच्या तासाला एकनाथांच्या शुद्धीकरणाबरोबर एका यंत्राच्या दुरुस्तीचे निरीक्षण जोडावे. ब्रिकोलाजवर प्रश्न विचारताना 'एक उदाहरण द्या' एवढी पुस्ती जोडावी. बी. रघुनाथांच्या परभणीत, जनाबाईंच्या गंगाखेडच्या जिल्ह्यात हे जड जाऊ नये. घरकाम, दळण, झाडलोट हे काव्याचे विषय होऊ शकतात हे जनाबाईंनी सातशे वर्षांपूर्वी दाखवून दिले. त्यांच्यानंतर आम्हांला इंजिनाचे तेल अस्पृश्य वाटावे, ह्याला काय म्हणावे?

कोणी म्हणेल, ही सगळी रूपके आहेत. नाहीत. आम्ही जीपला ग्रंथाचे रूपक करीत नाही आणि ग्रंथाला जीपचे. आमचे म्हणणे एवढेच की दोन्हीकडे एकच विवेक लागतो: वस्तू कशासाठी आहे हे ओळखणे, तिच्यात काय धड आहे ते ठोकून पाहणे, नवा भाग जुन्याशी मेळ खातो की नाही हे मोजणे, आणि सांधा लपवण्याची धडपड न करणे. जो समाज हा विवेक गॅरेजात गमावतो तो ग्रंथालयातही गमावतो. तेव्हा मूळ रूपाचे सोवळे आणि जुगाडाचे कौतुक दोन्ही जरा बाजूला ठेवू या आणि 'दुरुस्त' ह्या शब्दाचा अर्थ पुन्हा एकदा मनावर घेऊ या. पुढच्या मृगात पांदणी पुन्हा चिखलाने भरतील आणि दात मोजून बसवलेल्या धुऱ्याचीच जीप त्यांतून बाहेर येईल.